साखळी ते पणजी: पावसात एकाच वळणावर दोनदा घसरलो, दोष टायरचा की माझा?

प्रश्न: साखळीकर

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षे मी साखळीहून पणजीला नोकरीसाठी बसने ये-जा करत होतो. कामाची वेळ बदलल्यामुळे एप्रिलपासून मोटरसायकल वापरू लागलो आणि पावसाळ्यात रोज दुचाकी चालवण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे. गाडी १६० सीसीची, दोन वर्षांपूर्वी वापरलेली म्हणून घेतलेली आहे. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, परंतु एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला आहे. माझा रस्ता साखळी, न्हावेली, आमोण्याचा पूल, खांडोळा, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे आणि रायबंदर असा आहे.

मिरग लागून दोन दिवस झाले होते. सकाळी आठच्या सुमारास जेमतेम भुरभुर होती, रस्ता नुसता ओलसर झाला होता आणि माझा वेग चाळीसच्या आसपास असावा. आमोण्याच्या अलीकडे उतारावर एक डावे वळण आहे आणि त्या वळणातच खनिज वाहतुकीचा जुना कच्चा रस्ता डावीकडून येऊन मिळतो. समोरच्या कारने वेग कमी केला म्हणून मी मागचा ब्रेक दाबला, तोच मागचे चाक उजवीकडे सरकले आणि गाडी आडवी झाली. गुडघा खरचटला, रेनकोट फाटला आणि डबा उघडून सगळा भात रस्त्यावर पसरला. मी कडेला बसून गुडघा पुसत असताना मागून आलेली बस त्या भातावरून गेली, तेव्हा आपण त्या जागी असतो तर काय झाले असते हे माझ्या ध्यानात आले.

त्यानंतर सतरा दिवसांनी पुन्हा तोच प्रकार घडला. या वेळी पाऊस मुसळधार होता आणि वेग तीसपेक्षा जास्त नव्हता. मी पाय टेकवल्यामुळे पूर्ण पडलो नाही, पण घोटा असा मुरगळला की आठवडाभर लंगडत होतो.

माझे वडील वीसेक वर्षे स्कूटर चालवत होते आणि मला शिकवताना त्यांनी एकच नियम पक्का करून घेतला होता, तो म्हणजे पावसात पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. मी तो आजवर पाळत आलो आहे. टायरच्या दुकानदाराचे म्हणणे आहे की दोन्ही टायर बदला, एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे की चाकांतील हवा कमी करा, आणि दुसऱ्याच्या मते ही गाडी विकून दोन्ही चाकांना एबीएस असलेली घ्यावी. मला खर्च परवडणार नाही असे नाही, परंतु चूक नेमकी कुठे होते हे कळल्याशिवाय पैसे घालायचे नाहीत. ज्यांनी गोव्याचे बरेच पावसाळे दुचाकीवर काढले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १: पिवळा मडगार्ड

मी पणजीत पायलट आहे. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, की प्रवाशाला मोटरसायकलवर मागे बसवून भाड्याने नेणाऱ्याला आमच्याकडे पायलट म्हणतात आणि पिवळा मडगार्ड ही त्याच्या गाडीची खूण असते. हा माझा तेविसावा पावसाळा चालू आहे. त्यात मी तीनदा पडलो, त्यांपैकी दोनदा पहिल्या तीन वर्षांत.

साखळीकर, तुम्ही लिहिलेल्या दोन्ही घटनांत पाऊस वेगळा आहे, वेग वेगळा आहे, जागा मात्र एकच आहे. म्हणून मी आधी जागेविषयी लिहितो. खाणींचे ट्रक पावसाळ्यात थांबतात हे खरे, पण वर्षभर त्या कच्च्या रस्त्यावर दळली गेलेली तांबडी माती थांबत नाही. ती पाण्याबरोबर उतरते आणि जिथे डांबर सुरू होते तिथे पसरून बसते. ही माती हातात घेऊन बोटांनी चोळून पाहा, ओल्या साबणाच्या वडीवरून बोट फिरवल्यासारखे वाटेल. वरून पाणी वाहत असले की ती दिसत नाही, नुसते तांबूस पाणी दिसते, आणि आपण समजतो की खाली डांबर आहे.

मी रस्ता रंगावरून ओळखतो. एरवी डांबर ओले झाले की काळे आणि चकचकीत दिसते. त्यावर तांबूस छटा आली तर माती, हिरवट छटा आली तर शेवाळ, आणि इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर सांडलेले तेल. पेट्रोल पंपाच्या तोंडाशी आणि बसथांब्यावर, जिथे बस उभी राहून तेल ठिबकते, तिथे हे रंग हमखास असतात. पांढऱ्या पट्ट्यांचा रंग कोरड्यात निरुपद्रवी असतो, पण पाऊस पडला की तो काचेसारखा होतो, म्हणून झेब्रा क्रॉसिंगवर आणि रंबलरच्या आडव्या पट्ट्यांवर गाडी सरळ ठेवावी. पणजीत गटारांची लोखंडी झाकणे आणि खोदून पुन्हा बुजवलेले चर यांचीही भर पडते. बुजवलेल्या चराची माती खचली की त्याची लांब कड तयार होते. ती कड तिरकी ओलांडायला गेलात तर पुढचे चाक तिच्या बाजूने ओढले जाते, त्यामुळे थोडा वळसा घेऊन तिच्यावरून शक्य तितके काटकोनात जावे.

परंतु माझ्या मते खरा धोका यांपैकी कुठल्याही एका पृष्ठभागाचा नसतो. नुसत्या चिखलात मी प्रवासी घेऊन गेलो आहे आणि नुसत्या ओल्या हॉटमिक्स डांबरावर तर रोजच जातो. माणूस पडतो तो एक पृष्ठभाग संपून दुसरा सुरू होतो त्या सांध्यावर, कारण त्याचे हातपाय अजून मागच्या रस्त्यासाठी काम करत असतात. तुमचे वळण हा असाच सांधा आहे, आणि त्यात उतार, वळण व ब्रेक अशा तीन गोष्टी तुम्ही त्या सांध्यावरच एकत्र आणल्या. ब्रेक काय लावायचा तो सांध्याच्या आधी लावून मोकळा करावा, गिअर आधीच उतरवावा, आणि सांध्यावरून जाताना हात, पाय, अंग सगळे शांत ठेवून ॲक्सिलरेटर आहे तिथेच धरावा.

पहिल्या पडण्याबद्दल आणखी एक सांगतो. आठ महिने रस्त्यावर साठलेले तेल, टायरचे रबर आणि धूळ पहिल्या पावसात वर येते आणि भुरभुर पावसात ते धुऊन जात नाही, नुसते कालवले जाते. मुसळधार पाऊस अर्धा तास पडला तर रस्ता उलट बरा होतो. म्हणून मिरगाच्या पहिल्या सरींना मी जितका घाबरतो तितका आषाढातल्या झडीला घाबरत नाही. मध्ये आठ-दहा दिवस उघडीप मिळाली की पुढच्या पहिल्या सरीला पुन्हा हाच प्रकार होतो.

तुमच्या रस्त्यावरच्या रायबंदरच्या बांधाबद्दलही थोडे लिहितो. पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला हा बांध जवळजवळ सव्वातीन किलोमीटर लांब आहे, त्याच्या एका अंगाला मांडवी आणि दुसऱ्या अंगाला मिठागरे, त्यामुळे वाऱ्याला अडवणारे काहीच नाही. वारा सलग वाहत असेल तर गाडी आपोआप त्याच्याकडे थोडी कलते आणि त्याची सवय होते. खरी पंचाईत होते ती मोठी बस शेजारून जाते तेव्हा, कारण क्षणभर वारा तुटतो आणि लगेच दुप्पट जोराने आदळतो. पणजीच्या अटल सेतूवर दुचाकींना प्रवेश नसल्यामुळे आम्ही मांडवी ओलांडतो ती खालच्या पुलांवरून, आणि तिथेही हाच अनुभव येतो. अशा वेळी हँडल घट्ट धरू नये. गुडघ्यांनी टाकी आवळून धरावी आणि कोपर सैल सोडावेत, म्हणजे वाऱ्याचा हिसका अंगाला बसतो, हँडलपर्यंत पोहोचत नाही.

आणि रात्री परतताना गुरांकडे लक्ष ठेवा. पावसात गोठ्याबाहेरची गुरे कोरड्या जागेसाठी आणि माश्यांच्या त्रासापासून सुटका म्हणून डांबरावर येऊन बसतात, आणि काळी म्हैस ओल्या डांबरावर शिंग हलवेपर्यंत दिसत नाही.

प्रतिसाद २: बिनधास्त_म्हापसा

सहकारी बरोबर सांगतो आहे. दोन्ही चाकांतली पाच-सहा पीएसआय हवा काढून टाका, टायर पसरतो आणि पकड वाढते. मी दर पावसाळ्यात असेच करतो आणि मला आजपर्यंत काही झालेले नाही.

प्रतिसाद ३: पाना-पक्कड

वरच्या प्रतिसादाशी मी असहमत आहे आणि तो कोणी आचरणात आणू नये म्हणून जरा विस्ताराने लिहितो. मी वाहन दुरुस्तीचे काम शिकवतो.

हवा कमी केल्याने पकड वाढते हा अनुभव वाळूतला किंवा शेतातल्या खोल चिखलातला आहे आणि तिथे तो खरा आहे. ओल्या डांबरावर मात्र टायरचे काम पाणी बाजूला सारून खालच्या रस्त्यापर्यंत पोहोचण्याचे असते, आणि ते पाणी टायरवरच्या खाचांमधून निघून जाते. हवा कमी झाली की टायर मधोमध आत दबतो, खाचा मिटू लागतात आणि पाण्याला वाट उरत नाही. टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, असे विमानांच्या टायरांवरील प्रयोगांतून निघालेले एक सूत्र आहे. त्या सूत्राने हिशेब केला तर २८ पीएसआयला हा वेग ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास येतो आणि २० पीएसआयला ७५ च्या आसपास. दुचाकीचा टायर गोलसर असल्यामुळे तो पाणी कारच्या टायरपेक्षा चांगले कापतो, म्हणून हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. मात्र हवा कमी केल्याने आपण कोणत्या दिशेने जातो हे त्यांवरून कळते. शिवाय कमी हवेचा टायर खड्ड्याच्या कडेवर आपटला की रिम वाकते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत जो दाब दिला आहे तोच ठेवावा आणि आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना, मोजून घ्यावा.

टायर बदलायचा की नाही हे दुकानदाराला विचारण्याची गरज नाही. टायरच्या बाजूला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरे असतात. त्या खुणेच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा एक उंचवटा दिसेल. टायरची वरची बाजू झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली असेल तर टायर संपला. वापरलेली गाडी घेतली असल्यामुळे टायर किती जुना आहे हेही पाहा. बाजूवर चार आकडे छापलेले असतात, त्यांपैकी पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. खाचा शाबूत असूनही सहा-सात वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर कडक झालेले असते आणि ओल्या रस्त्यावर ते धरत नाही.

आता ब्रेकविषयी. तुमच्या वडिलांचा नियम त्यांच्या स्कूटरसाठी मूर्खपणाचा नव्हता. त्या काळच्या स्कूटरची चाके लहान, ब्रेक ड्रमचे आणि इंजिन मागे एका बाजूला होते. पुढचा ड्रम ओला झाला की आधी काहीच धरायचा नाही आणि मग एकदम धरायचा. तुमची गाडी तशी नाही. ब्रेक लावला की वजन पुढे झुकते, मागचे चाक हलके होते आणि हलके झालेले चाक लवकर अडकते. ओल्या रस्त्यावर ब्रेक मुळातच हलका लावायचा असल्यामुळे वजन थोडे कमी झुकते आणि मागच्या ब्रेकचा वाटा जरा वाढतो, हे खरे आहे. पण पुढचा ब्रेक संपूर्ण सोडून दिला तर गाडी थांबवण्याचे निम्म्याहून अधिक सामर्थ्य आपण आपल्याच हाताने टाकून देतो, आणि मग घाबरून मागचा ब्रेक आवश्यकतेपेक्षा जोरात दाबतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले, परंतु तुमच्यासारख्या अनेक गाड्यांत ते पुढच्याच चाकाला असते. म्हणजे जे चाक अडकण्यापासून वाचवलेले आहे त्याचा ब्रेक तुम्ही वापरत नव्हता, आणि ज्याला असे कोणतेही संरक्षण नाही त्याच्यावर सगळा भार टाकत होता.

त्यातही तुम्ही वळणात होता. पकड ही महिन्याच्या पगारासारखी असते. वळण्यासाठी त्यातली बरीच खर्च झाली असेल तर ब्रेकसाठी फारशी शिल्लक राहत नाही, आणि ओल्या मातीवर तर पगारच निम्म्याहून कमी येतो. साधे एबीएस गाडी न कलता सरळ जात असताना उत्तम काम करते, पण कललेल्या गाडीला ते सरळ ठेवू शकत नाही. त्यामुळे दोन्ही चाकांना एबीएस असलेली गाडी घेतली तरी त्या वळणावर ब्रेक लावण्याची सवय तशीच राहिली तर पैसे वाया जातील.

सराव असा करा. पाऊस पडून गेल्यावर एखाद्या मोकळ्या डांबरी पटांगणावर ताशी वीसच्या वेगाने सरळ जा, दोन बोटांनी पुढचा ब्रेक आधी नुसता टेकवा, एक क्षण थांबा, वजन पुढे आलेले जाणवले की दाब वाढवा. एकदम आवळण्यात आणि हळूहळू पिळण्यात किती फरक आहे हे पाच-सहा वेळांत हाताला कळते. क्लच शेवटपर्यंत दाबू नका, इंजिन गाडीला मागे धरून ठेवते. मात्र एकदम दोन गिअर उतरवून क्लच सोडला तर मागचे चाक ब्रेक लावल्यासारखेच घसरते, याचेही भान ठेवा.

ताशी ५० च्या वेगाला माणसाला धोका दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला तर गाडी त्यातच चौदा मीटर पुढे जाते. त्यानंतर थांबण्यासाठी कोरड्या चांगल्या डांबरावर आणखी साधारण चौदा मीटर आणि ओल्यावर वीस ते पंचवीस मीटर लागतात. म्हणून पुढच्या वाहनापासूनचे अंतर पावसात दुप्पट ठेवावे. आपल्याकडे ते ठेवले की मधे दुसरा कोणी घुसतो ही तक्रार मला मान्य आहे. घुसू द्यावे आणि पुन्हा मागे राहावे.

प्रतिसाद ४: दिवाडीची बाई

पाना-पक्कड यांचे म्हणणे मला डांबरापुरते पूर्ण पटते, पण पुढच्या ब्रेकबद्दल एक अपवाद नोंदवणे आवश्यक वाटते. मी शिक्षिका आहे आणि दिवाडीहून जुन्या गोव्याला रोज फेरीबोटीने स्कूटर घेऊन जाते.

फेरीबोट धक्क्याला लागली की तिची लोखंडी फळी उतरणीच्या काँक्रीटवर टेकते. भरतीच्या वेळी हे काम सोपे असते. ओहोटीला मात्र काँक्रीटचा तो भाग उघडा पडतो, जो एरवी पाण्याखाली असतो, आणि त्यावर हिरव्या शेवाळाचा पातळ थर असतो. चढणही तेव्हा जास्त असते. म्हणजे ओले लोखंड, मग शेवाळ, मग खरखरीत काँक्रीट आणि मग डांबर असे चार पृष्ठभाग पंधरा-वीस पावलांत पार करावे लागतात. पायलटकाकांनी सांध्यांबद्दल जे लिहिले आहे ते मी रोज दोनदा अनुभवते.

बोटीत उतरताना शेवाळावर पुढचा ब्रेक लावला तर पुढचे चाक क्षणात निसटते, आणि पुढचे चाक गेले की सावरायला वेळच मिळत नाही. मागचे गेले तर निदान एक पाय टेकवण्याइतकी उसंत मिळते. म्हणून मी कोरड्या भागावरच गाडी जवळजवळ थांबवते, हँडल सरळ करते आणि मागच्या ब्रेकवर नुसती बोटे ठेवून चालण्याच्या वेगाने खाली जाते. माझ्या स्कूटरला डाव्या लिव्हरने दोन्ही ब्रेक एकत्र लागतात, त्यामुळे तो लिव्हरही अगदी हलका ठेवावा लागतो. वर चढताना ॲक्सिलरेटर एकदा दिला की वर पोहोचेपर्यंत बदलत नाही, कारण मधेच पिळला तर मागचे चाक जागेवर फिरते. पुढे कोणी अडखळला तर काय, म्हणून पुढची गाडी वर पोहोचल्याशिवाय मी निघतच नाही. मागचे लोक हॉर्न वाजवतात. वाजवू देते.

लहान चाकांच्या स्कूटरबद्दल एक सूचना आहे. ज्या खड्ड्यावरून मोटरसायकलचे मोठे चाक तरून जाते त्यात स्कूटरचे दहा-बारा इंची चाक अर्धे उतरते. पाण्याने भरलेला खड्डा आणि साधे डबके वरून सारखेच दिसतात, तेव्हा मी नेहमी पुढच्या कारच्या चाकांच्या रेषेतून जाते. तिचे चाक कुठे खाली गेले ते मला आधी दिसते.

देवळांच्या आणि चर्चच्या आवारांत, बाजारांत हल्ली पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात. सावलीतले ब्लॉक श्रावणापर्यंत शेवाळतात आणि पार्किंगमध्ये चालण्याच्या वेगाने वळतानाही गाडी खाली बसते. माझी बसली आहे.

प्रतिसाद ५: केरी-चोर्ला

घाटाविषयी कोणी लिहिलेले नाही म्हणून थोडक्यात भर घालतो. मी महिन्यातून दोन-तीनदा साखळी-केरी-चोर्लामार्गे बेळगावला जातो.

केरी मागे टाकून चढ सुरू झाला की अंजुणे धरणाच्या वरच्या वळणांवर अनेकदा ढगच रस्त्यावर उतरलेले असतात. धुक्यात हेडलाइटचा वरचा झोत लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, त्यामुळे खालचा झोतच ठेवावा आणि डाव्या कडेचा अंदाज घेत जावे. कडेला फार चिकटूही नये, कारण दरडीतून सुटलेली जांभ्याची बारीक खडी डावीकडेच साठते. ती गोट्यांसारखी चाकाखाली फिरते. खडी समोर दिसली आणि टाळता आली नाही तर गाडी उभी करून, म्हणजे कल काढून, तिच्यावरून सरळ जावे आणि मग पुन्हा वळावे. नजर खडीवर खिळली की गाडी तिकडेच जाते, हा माझ्यासह सगळ्यांचा अनुभव आहे, म्हणून जिथे जायचे आहे तिथे पाहावे.

ओहोळाचे पाणी रस्त्यावरून वाहत असेल तर आधी थांबून दुसरे कोणी कसे जाते ते पाहावे. वाहते पाणी गुडघ्याच्या खाली असले तरी त्याला ओढ असेल तर परत फिरावे, त्यात लाज नाही. साचलेल्या पाण्यातून जायचे झाले तर पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर आणि मधे अजिबात न थांबणे, एवढेच करायचे असते. सायलेन्सर बुडाला म्हणून चालू इंजिन सहसा बंद पडत नाही. पाणी एअर फिल्टरपर्यंत चढले तर मात्र घात होतो, म्हणून आपल्या गाडीत हवा ओढण्याचे तोंड किती उंचीवर आहे ते पाहून ठेवावे. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. मी तीन वर्षांपूर्वी एकदा उतावीळपणा केला आणि त्याचे बिल महिन्याच्या घरभाड्याहून मोठे आले. पाण्यातून बाहेर आल्यावर शंभरेक मीटर ब्रेक हलके दाबून ठेवावेत, म्हणजे ते कोरडे होऊन पुन्हा धरू लागतात.

प्रतिसाद ६: साखळीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी पाऊस ओसरल्यावर मी त्या वळणावर गाडी दूर लावून चालत गेलो. चपलेने घासून पाहिले तर कच्च्या रस्त्याच्या तोंडापासून बारा पावलांपर्यंत डांबरावर मातीचा थर होता, मधे बोटाच्या पेराएवढा जाड आणि कडेला पातळ. तेराव्या पावलाला चप्पल एकदम अडली. दोन्ही वेळा मी ब्रेक लावला तो त्या बारा पावलांतच, हे घसरल्याच्या ओरखड्यांवरून स्पष्ट दिसत होते. वळणाच्या आधी विजेचा एक खांब आहे, आता त्या खांबापाशी माझा ब्रेक आणि गिअर दोन्ही उरकलेले असतात.

टायरही पाहिले. पुढचा चांगला आहे, मागचा खुणेपर्यंत झिजलेला निघाला आणि त्यावरचा शिक्का साडेसहा वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे दुकानदार निम्मा बरोबर होता. फक्त मागचा बदलला. मागच्या चाकात हवा ४१ पीएसआय होती. पंपावर कोणी, कधी भरली हे मला आठवत नाही. ती पुस्तिकेप्रमाणे केली.

पटांगणावर सरावही केला. पहिल्या दोन वेळांत पुढच्या ब्रेककडे बोटे जायलाच तयार नव्हती, डोक्यात वडिलांचा आवाज होता. शेवटी त्यांनाच बरोबर नेले. त्यांनी कठड्यावर बसून सगळे पाहिले आणि घरी येताना स्वतः चालवून पाहण्याचा हट्ट धरला. आता एकच अडचण उरली आहे. मला चष्मा आहे, आणि हेल्मेटची काच खाली घेतली की दोन मिनिटांत आतून धुके धरते आणि वर केली की चष्म्यावर पाणी येते. यावर कोणाकडे उपाय आहे का?

प्रतिसाद ७: दिवाडीची बाई

मलाही चष्मा आहे. भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एक थेंब काचेच्या आतल्या बाजूला लावून मऊ कापडाने पूर्ण कोरडा होईपर्यंत पुसावा, पाण्याने धुऊ नये. दोन-तीन दिवस टिकते. चष्म्यालाही तेच करावे. श्वास वर जाऊ नये म्हणून हनुवटीकडचा भाग मोकळा ठेवावा, तोंडावर जाड रुमाल बांधला की धुके दुप्पट होते. काचेवर ओरखडे पडले असतील तर मात्र काहीच उपयोग होत नाही. रात्री समोरून गाडी आली की प्रत्येक ओरखडा उजळतो, तेव्हा नवी काच घ्या. आणि घोंगडीसारखा सैल रेनकोट वापरत असाल तर तो बदलून शर्ट-पँटचा घ्या, सैल टोक चेनमध्ये गेलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे.

प्रतिसाद ८: पाना-पक्कड

चेनचा विषय निघालाच आहे तर, त्या तांबड्या मातीतून रोज जाता तेव्हा दर शनिवारी चेन रॉकेलने ब्रश मारून साफ करा, कापडाने पुसा आणि ९० नंबरचे गिअर ऑइल आतल्या बाजूने सोडा. पेट्रोलने धुऊ नका, कड्यांमधले रबरी ओ-रिंग खराब होतात. तेल संध्याकाळी घरी आल्यावर, चेन गरम असताना सोडावे. सकाळी निघताना सोडले तर ते मागच्या टायरवर उडते आणि नवा टायर घेऊन काही उपयोग होत नाही.

प्रतिसाद ९: पिवळा मडगार्ड

चालत जाऊन पाहिलेत हे फार चांगले केलेत. फक्त त्या बारा पावलांवर विसंबू नका. मोठा पाऊस झाला की हा थर खाली सरकतो, आणि गणेश चवथीच्या सुमारास तो वळण संपल्यावर, जिथे तुम्ही वेग वाढवायला लागता, तिथे जाऊन बसलेला असेल. खांबापाशी ब्रेक उरकला तरी पुढचा रंग पाहत जा.